तुम्ही काय लावले होते?

सदर : घरातले शब्द



गेल्या अंकात आम्ही भांड्याकुंड्यांची नावे जमवली होती. ओगराळे, रोवळी, शिंके, झारा वगैरे. त्यावर बऱ्याच घरांतून निरोप आले. एका आजींनी तर फोनवरच आम्हाला फैलावर घेतले, की 'वेळणी' कशी विसरलात? चूक मान्य. असो. या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन आपण औषधांच्या कपाटाकडे वळू. प्रत्येक मराठी घरात हे कपाट असतेच. सिंगापूरच्या घरात त्याची जागा बहुधा फ्रिजच्या वर असते. त्यात एक सहाण, वेखंडाचा तुकडा, हळकुंड, कुणीतरी पुण्याहून आणलेली कैलास जीवनची डबी, अमृतांजनची पिवळी बाटली आणि शेजारी इथली वाघाची डबी. अंगाला लावायच्या या औषधांचे आणि ती लावण्याचे शब्द हा आजचा विषय.

विषय सुचला तो मात्र आमच्याच फजितीतून, म्हणून आधी तीच सांगतो.

आमच्याकडे नातू झाला. सुनेच्या बाळंतपणासाठी विहीणबाई सांगलीहून आल्या. हाताला गुण असलेल्या बाई. बाळाला न्हाऊमाखू घालणे, टाळू भरणे, धुरी देणे, सगळे अगदी यथासांग. बाळ दहा-बारा दिवसांचे असताना कावीळ तपासायला दवाखान्यात घेऊन गेलो. सोबत आम्ही दोघे होतो, विहीणबाई होत्या. सिस्टरने बाळाचे अंगडे वर केले आणि तिला वास आला. छातीवर बारीक लाल पुरळही होते. तिने विचारले, तुम्ही काय लावले होते?

विहीणबाईंना प्रश्न कळला. त्यांनी मराठीत लगेच सांगितले, "खोबरेल तेल कोमट करून त्यात कापूर विरघळवला, आणि ते छातीला नुसते चोपडले, चोळले नाही. कपाळाला वेखंड उगाळून, एक वेढा." आणि आम्ही, इतकी वर्षे या देशात इंग्रजी बोलून मुरलेले, त्याचे भाषांतर केले : 'हर्बल पेस्ट.'

सिस्टर बिचारी काय लिहून घेणार? तिने विचारले, त्यात काय काय आहे? आम्ही म्हटले, सगळे नैसर्गिक आहे.

मग डॉक्टरांनी बाळाचे कार्ड पाहिले. नाळेतल्या रक्ताच्या तपासणीत बाळाला जी-सिक्स-पीडी या द्रव्याची कमतरता निघाली होती. ते कार्ड आम्हीही वाचले होते. अमुक गोष्टी टाळा, असे त्यावर लिहिलेले होते. पण त्या यादीतला इंग्रजी शब्द आणि आमच्या देवघरातला कापूर यांची गाठ आमच्या डोक्यात पडलीच नव्हती. डॉक्टरांनी कापूर बंद करायला सांगितले, काविळीवर आठवडाभर लक्ष ठेवले. बाळ सुखरूप आहे, आता रांगते आहे. पण ती आठवण आमच्या मनातून जात नाही. विहीणबाईंचे उत्तर बिनचूक होते. त्यात जिन्नस होता, प्रमाण होते, लावण्याची रीत होती. आम्ही मध्ये उभे राहून ते सगळे पुसून टाकले.

तेव्हापासून आम्ही हे शब्द वहीत लिहू लागलो. आणि लिहिता लिहिता लक्षात आले की यातला खरा माल नामांत नाही, क्रियापदांत आहे.

पाहा ना. इंग्रजीत काम एका शब्दावर भागते, क्रीम 'अप्लाय' करा. आता आपली मुलेही म्हणतात, "आई, क्रीम अप्लाय केलं." पण आपल्या आज्या काय म्हणत? तेल चोपडायचे, म्हणजे सढळ हाताने वरवर लावून सोडून द्यायचे. चोळायचे, म्हणजे जोर लावून मुरवायचे. माखायचे, म्हणजे सर्वांगाला. जिरवायचे, म्हणजे थेंब थेंब टाकून हलक्या बोटाने आत जाऊ द्यायचे, जसे टाळूवर किंवा डोक्यात. लेप घालायचा, तो पसरून वाळू द्यायचा. पोटीस थापायचे आणि बांधायचे. शेक द्यायचा, तोही कोरडा की ओला ते सांगून. आणि मूल पडले तर नुसती फुंकर घालायची, ज्यात औषध काहीच नाही आणि तरी गुण येतो.

मुक्या माराला आंबेहळदीचा लेप घालतात, चोळत नाहीत. ताज्या सुजेवर रगडले तर दुखणे वाढते, हे ज्ञान त्या एका क्रियापदात बांधून ठेवले आहे. 'मुका मार' हा शब्दही किती शहाणा! रक्त नाही, जखम नाही, मार लागलाय पण तो बोलत नाही.

जिन्नस तयार करण्याचीही तशीच निरनिराळी क्रियापदे. मुळ्या आणि चंदन उगाळतात, पाला वाटतात, सुंठ कुटतात, भस्म मधात खलतात. उगाळण्याचे माप म्हणजे वेढा. सहाणेवर मुळी एकदा गोल फिरली की एक वेढा. बाळगुटी देणाऱ्या बायका बाळाच्या वयाप्रमाणे वेढे वाढवत नेत. ना चमचा, ना मिलिग्रॅम, पण माप ते मापच. 'थोडेसे' आणि 'एक वेढा' यांत केवढा फरक आहे!

या बाबतीत आपले पूर्वज किती काटेकोर होते ते सुश्रुतसंहितेत दिसते. तिथे लेपाचे तीन प्रकार दिले आहेत. पातळ आणि थंड तो प्रलेप, जाड तो प्रदेह, जो गरम किंवा थंड असू शकतो, आणि मधला तो आलेप. लेप अंगावरच्या केसांच्या उलट दिशेने लावावा आणि वाळला की अंगावर ठेवू नये, असेही सांगितले आहे. आपल्या आजीने कधी सुश्रुत वाचला नव्हता. पण "वाळला की लगेच काढ गं, ओढ बसेल," हे ती सांगत होतीच.

आता नावांकडे येऊ. ही नावे कुठून कुठून आली ते पाहिले तर गंमत वाटते. उटणे हे संस्कृत 'उद्वर्तन'चे मराठी रूप. दिवाळीत पहाटे अंगाला रगडतो ते. मलम आपल्याला अगदी घरचे वाटते, पण ते अरबी 'मरहम'. हिंदीवाले अजून मरहमच म्हणतात, आपण त्याला पट्टी जोडून 'मलमपट्टी' केली, आणि आता सरकारने एखाद्या प्रश्नावर वरवरचा उपाय केला तरी मलमपट्टीच म्हणतो. पोटीस हा इंग्रजी 'पोल्टिस', जो अळशीच्या पिठासकट आपल्या माजघरात येऊन राहिला. आणि बाम हा तर इंग्रजी 'बाम'च. म्हणजे शुद्ध मराठी वाटणारा आपला औषधांचा डबा संस्कृत, अरबी आणि इंग्रजी अशा तीन भाषांनी भरलेला आहे. तेव्हा परका शब्द आला याचे दुःख करण्याचे कारण नाही. दुःख आहे ते एका शब्दाने दहा शब्दांना घराबाहेर काढले तर.

बामाचा विषय निघाला आहे तर आपण ज्या गावी राहतो त्या गावाचे ऋण मानायला हवे. मुंबईत १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वर राव या आंध्रच्या गृहस्थांनी अमृतांजन काढले. पुढे याच गृहस्थांनी मुंबईतूनच १९०८ साली 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू नियतकालिक सुरू केले. म्हणजे परगावी राहून, डोकेदुखीचा बाम विकून, त्यांनी आपल्या भाषेचे पत्र चालवले. आमच्यासारख्या झेरॉक्सवर अंक काढणाऱ्यांना हे वाचून बरे वाटते!

इकडे रंगूनमध्ये औ चू किन नावाच्या चिनी वैद्याचे दुकान होते. १९०८ साली ते वारले. त्यांचे मुलगे बून हॉ आणि बून पार. नावांतले हॉ म्हणजे वाघ आणि पार म्हणजे बिबळ्या. थोरल्याच्या नावावरून मलमाला वाघाचे नाव मिळाले. १९२६ साली त्यांनी कारभार सिंगापूरला हलवला आणि १९३७ साली पासिर पांजांगला बंगला आणि बाग उभारली. तीच हॉ पार व्हिला. पाहुणे आले की आपण त्यांना तिथले नरकाचे देखावे दाखवायला नेतो, पण ते सगळे डोके चेपण्याच्या मलमावर उभे राहिले आहे हे सांगायला विसरतो. या डबीत वाघाचे काही नाही हे मुलांना जरूर सांगावे. त्यात कापूर, मेंथॉल, पुदिन्याचे आणि लवंगेचे तेल असले जिन्नस आहेत. इथल्याच कुऱ्हाड छाप तेलाचा धंदाही १९२८ पासूनचा. त्याला मलय शेजारी 'मिन्याक कापाक' म्हणतात. मिन्याक म्हणजे तेल, कापाक म्हणजे कुऱ्हाड.

आणि आता कापूर. इथे आम्हाला खरोखर आश्चर्याचा धक्का बसला.

जुन्या मराठीत उंची कापराला बरास म्हणत. यालाच आपण भीमसेनी कापूर म्हणतो. हा बरास आला कुठून? सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारुस नावाचे बंदर आहे. शेकडो वर्षे तिथून हा कापूर जगभर जात होता. ज्या झाडापासून तो निघतो ते सुमात्रा, बोर्निओ आणि मलायाच्या जंगलातले उंच झाड, आणि मलय भाषेत त्या झाडाचे नावच 'कापुर'. म्हणजे विहीणबाई जो शब्द सांगलीहून जपून घेऊन आल्या, त्याचे एक माहेर आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या समुद्रापलीकडेच आहे. मलयमध्ये या कापराला 'कापुर बारुस' म्हणतात.

पण थांबा. आज दुकानात 'कापुर बारुस' म्हणून जे मिळते ते बहुधा कपड्यांत ठेवायच्या डांबराच्या गोळ्या असतात! त्यांत नॅफ्थलीन असू शकते. एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी झाल्या. झाडाचा बरास, पूजेचा कापूर, जो आता मुख्यतः टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवतात, आणि कपाटातल्या विषारी गोळ्या. दिसायला तिन्ही पांढऱ्या, वासाला तिन्ही उग्र. भाषा येत नसलेल्या आजीने दुकानात जाऊन 'कापूर, कापूर' म्हटले तर तिच्या हाती काय पडेल?

हे इथे विशेष महत्त्वाचे आहे. जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी काही द्रव्यांनी झपाट्याने फुटतात, कावीळ एकदम चढते आणि ती मेंदूपर्यंत पोचू शकते. नॅफ्थलीन हे त्यातले एक मोठे कारण. ही कमतरता चिनी, मलय आणि भारतीय अशा सर्वच समाजांत आढळते, म्हणून सिंगापुरात १९६५ पासून नवजात बाळांची तपासणी होते. अशा बाळाजवळ डांबराच्या गोळ्या नकोतच, गोळ्यांत ठेवलेले जुने दुपटेसुद्धा तसेच अंगावर घालू नये. कापूर टाळायला सांगतात. मेंदीही लावू नये, तिनेही असा त्रास झाल्याची नोंद आहे. आणि ही कमतरता नसली तरी दोन वर्षांखालच्या कुठल्याही बाळाला कापूर किंवा कापराचा बाम लावू नये. तो कातडीतून आणि नाकातून आत जातो आणि त्याने झटके येऊ शकतात. आपल्या वेळी लावत होते, आपण वाचलो, हे खरे. पण सगळीच वाचली नसतील, आणि जी वाचली नाहीत ती सांगायला आलेली नाहीत.

दुसरी गोष्ट दुखण्याच्या नावांची. आता सगळ्यालाच 'रॅश' म्हणतात. आपल्याकडे उन्हाने येते ते घामोळे, बारीक उठते ते पुरळ, पित्ताने टरारून उठतात त्या गांधी, खाजून कडेने गोल पसरतो तो नायटा, कातडी जाड होऊन चिघळते ते इसब, एकट्याने दुखते ते केस्तूड. हे शब्द म्हणजे अर्धे निदान आहे. नायट्याला 'रॅश' म्हटले आणि मुंबईच्या दुकानातून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब लावली, तर खाज थांबते, लाली जाते, आणि आत नायटा मजेत वाढत राहतो. महिनाभराने तो ओळखूही येत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या पिशवीत भारतातून येताना अशा दोन-तीन ट्यूब असतात. आमच्याही असायच्या. डॉक्टरांना ती ट्यूब दाखवा, लपवू नका. निदान "गोल आहे, कडेने पसरतो आहे," एवढे तरी सांगा. नायट्याचे इंग्रजी नाव येत नसले तरी चालेल, वर्णन चालते.

कुणी म्हणेल, एवढे काय शब्दांचे? त्यांना हळदीची गोष्ट सांगतो. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून आणण्याचे पेटंट मिळाले. अर्ज करणारे दोघे संशोधक भारतीय वंशाचेच होते. आपल्या भारतातल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याला हरकत घेतली. माशेलकर मूळचे गोव्यातल्या माशेलचे, शिक्षण मुंबईत. आता कुठल्याही मराठी घरात विचारा, बोट कापले की पहिल्यांदा काय दाबतात? हळद. पण "आमची आजी लावायची," हे पेटंट कचेरीत चालत नाही. तिथे छापलेला पुरावा लागतो. म्हणून जुने ग्रंथ शोधले गेले, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा लेख पुढे ठेवला गेला, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. त्यानंतर २००१ पासून भारताने आपले पारंपरिक ज्ञान नोंदवून ठेवण्याचे मोठे डिजिटल ग्रंथालयच सुरू केले. कोट्यवधी आज्या जे जाणत होत्या, ते सिद्ध झाले ते कुणीतरी कधीतरी लिहून ठेवले होते म्हणून.

शब्दाला पैशात किंमत असते याचेही उदाहरण आहे. विको ही केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली सुरू केलेली कंपनी. तिची हळदीची क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, या एका शब्दावर अबकारी कराचा तंटा वर्षानुवर्षे चालला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल 'औषध' असा लागला. आपल्या घरी तो तंटा नव्हताच म्हणा. हळद आमटीत गेली तर मसाला, बोटावर गेली तर औषध, आणि नवरीच्या अंगाला लागली तर सण.

तर मंडळी, आमचा आग्रह एवढाच, की वही करा. साधी, शाळेतली. प्रत्येक घरगुती औषधापुढे पाच गोष्टी लिहा. त्याचे मराठी नाव. त्यात काय काय आहे. तयार कसे करायचे, उगाळून, वाटून की विरघळवून, आणि किती. लावायचे कसे, चोपडून, चोळून की लेप घालून. आणि कोणाला लावायचे नाही. जमेल तर जिन्नसाचे शास्त्रीय नाव डबीवरून बघून बाजूला लिहा. आई किंवा सासूबाई भारतातून आल्या की पहिल्या रविवारी त्यांच्याकडून हे लिहून घ्या. आणि दवाखान्यात कुणी विचारले, तुम्ही काय लावले होते, की 'हर्बल' म्हणू नका. वही उघडा.

आम्ही विहीणबाईंना झाला प्रकार सांगितला आणि भाषांतर चुकीचे केल्याबद्दल त्यांची माफी मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, माझ्या आईने मला सांगितलं तेव्हा त्यात 'कुणाला लावू नये' हे नव्हतंच. ते तुम्ही लिहा. म्हणजे तुमच्या सुनेच्या वहीत माझ्यापेक्षा एक ओळ जास्त असेल." कापराच्या तेलाची ती पाककृती आता आमच्या वहीत आहे आणि तिच्यापुढे तांबड्या शाईने लिहिले आहे : तान्ह्या बाळाला नाही.

आपल्या घरात असे कुठले शब्द आहेत? विदर्भात, कोकणात, बेळगावकडे, गोव्यात याच गोष्टींना वेगळी नावे असणार. नायट्याला तुमच्याकडे काय म्हणतात? वेढ्याला? कागदावर लिहून मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला घेऊन या. जमतील तेवढे पुढच्या अंकात छापू. छापलेले टिकते, हे हळदीने शिकवले आहेच.